जॉन टेम्पलटन, १९३९ ची ती खरेदी आणि सगळे विकत असताना आपलं डोकं ठिकाणावर कसं ठेवायचं

मुळामुठा

मंडळी, बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळत होता, आज रविवार आहे, घरात अजून सगळे झोपलेत म्हणून बसलो लिहायला. शेअर बाजाराच्या धाग्यांवर बफे, मुंगर, झुनझुनवाला यांच्यावर पुष्कळ लिहून झालंय, पण मी ज्या माणसाकडून सगळ्यात जास्त शिकलो त्याचं नाव इथे फारसं कोणी काढत नाही. सर जॉन टेम्पलटन, म्युच्युअल फंड चालवणारा मोठा गुंतवणूकदार. अमेरिकेत टेनेसी राज्यात विंचेस्टर म्हणून एक लहान गाव आहे, तिथे १९१२ चा जन्म, आणि २००८ मध्ये बहामात नासाऊला गेले.

त्यांचे वडील गावात वकील होते. ऑफिस कोर्टासमोरच्या चौकात, वरच्या मजल्यावर. कर्ज थकलेल्या शेतांचा लिलाव कोर्टापाशी व्हायचा आणि वडील खिडकीतून बघत बसायचे. बोली लावणारं कोणी आलंय असं दिसलं तर खाली जायचेच नाहीत, पण कोणीच फिरकलं नाही की जिना उतरून जायचे आणि अगदी कवडीमोलाने शेत घेऊन यायचे. आणि याच वडिलांनी कापसाच्या वायद्यात एकदा एवढा पैसा केला की घरी येऊन पोरांना म्हणाले, आपण श्रीमंत झालो, आता तुमच्या पोराबाळांनाही काम करायला नको. पुढच्या काही दिवसांत ते सगळं गेलं. मला वाटतं एकाच घरात या दोन गोष्टी बघितलेल्या मुलाला बाजार काय असतो हे कॉलेजात जायच्या आधीच कळलेलं असणार.

आता मुख्य गोष्ट. सप्टेंबर १९३९, हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं. अमेरिकेत महामंदी सुरू होऊन दहा वर्षं होत आलेली, लोकांना वाटत होतं आता उरलीसुरली वाट लागणार. टेम्पलटन तेव्हा २६ वर्षांचे. त्यांनी आपल्या जुन्या साहेबांना, जे ब्रोकर होते, फोन केला आणि सांगितलं की न्यूयॉर्कच्या दोन्ही एक्स्चेंजवर जे जे शेअर एक डॉलर किंवा त्याच्या खाली आहेत त्या प्रत्येकाचे १०० डॉलरचे घ्या. त्यासाठी १०,००० डॉलर उधार घेतले. साहेबांचा थोड्या वेळाने निरोप आला की घेतले, पण ज्या कंपन्या दिवाळखोरीत आहेत तेवढ्या वगळल्या. हे म्हणाले, नाही, त्या पण घ्या, सगळ्या हव्यात. एकूण १०४ कंपन्या झाल्या आणि त्यातल्या तीसहून जास्त दिवाळखोरीत होत्या. सरासरी चार वर्षं ठेवून विकलं तेव्हा दहाचे चाळीस हजार झाले होते. १०४ मधल्या फक्त चार साफ बुडाल्या.

ही गोष्ट सहसा धाडसाची म्हणून सांगतात आणि तिथेच मला अडचण वाटते. वाचणाऱ्याला वाटतं छातीत दम असला की झालं. मी हे दहा-बारा वेळा वाचलं असेल आणि जितक्या वेळा वाचतो तितकं मला धाडस कमी आणि तयारी जास्त दिसते. नवराबायको दोघं पगाराचा निम्मा भाग बाजूला टाकत होते, घरातलं फर्निचर लिलावात घेतलेलं. ऑक्सफर्डचं शिक्षण संपल्यावर ते मित्राबरोबर जग फिरून आले होते, जर्मनीतून गेले होते, म्हणजे युद्धाची चाहूल काय असते ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं. आणि विचार अगदी साधा होता, की युद्ध म्हटलं की प्रत्येक कारखान्याला काम मिळणार, रेल्वेला माल मिळणार, आणि आज ज्या कंपनीचं कंबरडं मोडलंय तिला त्याचा सगळ्यात जास्त फायदा होणार कारण तिच्या भावात चांगलं काहीच धरलेलं नाहीये. यात शौर्य कुठे आहे, हा हिशेब आहे. फक्त तो हिशेब सगळे घाबरलेले असताना करावा लागतो आणि तेच माणसाला जमत नाही.

त्यांचं एक म्हणणं प्रसिद्ध आहे, की तेजी निराशेत जन्मते, शंकेत वाढते, आशेत पिकते आणि उन्मादात मरते. आणि दुसरं की इतरांपेक्षा वेगळा निकाल हवा असेल तर इतरांपेक्षा वेगळं काहीतरी करावं लागेल. ऐकायला सोपं. पण करायचं कसं? इथे ते पुढे जे वागले ते माझ्या दृष्टीने जास्त मोलाचं आहे. १९६० च्या दशकात ते न्यूयॉर्क सोडून नासाऊला जाऊन राहिले. बेट, समुद्रकिनारा, आणि वॉल स्ट्रीटचा पेपर तिथे उशिरा पोचायचा. त्यांचंच म्हणणं होतं की न्यूयॉर्कपासून लांब गेल्यावर फंडाची कामगिरी सुधारली. न्यूयॉर्कमध्ये असताना ते त्याच बैठकींना जायचे, तेच ऐकायचे, आणि नकळत सगळ्यांच्या बरोबरच खरेदी-विक्री करायचे. म्हणजे एवढा मोठा माणूस, त्यानेही स्वतःच्या मनावर भरवसा ठेवला नाही, चारचौघांचा आवाज कानावर पडणारच नाही अशी जागा शोधली. १९५४ मध्ये त्यांच्या ग्रोथ फंडात टाकलेले १०,००० डॉलर, डिव्हिडंड परत गुंतवत गेलं तर १९९२ पर्यंत २० लाखांच्या घरात गेले, वर्षाला साधारण १५ टक्के.

दुसरं म्हणजे ते आधी यादी करून ठेवायचे. चांगल्या पण महाग कंपन्या, आणि कितीला मिळाली तर घेईन तो भाव, बाजारापेक्षा खूप खालचा. ऑर्डर आधीच ब्रोकरकडे देऊन ठेवलेली. बाजार कोसळला की ऑर्डर आपोआप लागायची, त्या दिवशी विचार करायचाच नाही, विचार शांत असताना करून झालेला.

आता माझं सांगतो. मी २०१८ च्या डिसेंबरात हे वाचून एक वही केली होती, लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात उधारी लिहितात तसली लांबडी. सात कंपन्या, समोर भाव. २३ मार्च २०२०, सोमवार. सेन्सेक्स एका दिवसात ३,९३४ अंकांनी पडला, १३ टक्के, बंद झाला २५,९८१ ला. मी डायनिंग टेबलवर लॅपटॉप घेऊन बसलेलो, खालच्या रस्त्यावर एक माणूस नाही, बायको डाळ-तांदूळ किती दिवस पुरतील ते डबे उघडून बघतेय. वहीतल्या सातपैकी पाच कंपन्या माझ्या भावाच्या खाली आल्या होत्या. पैसे खात्यात होते. मी एक घेतली, तीही ठरवलेल्याच्या निम्मी. बाकी चारांसमोर पेन्सिलीने "उद्या बघू" लिहिलं, ते अक्षर अजून आहे वहीत. वहीत भाव मी शांतपणे लिहिला होता पण बटण मात्र घाबरलेल्या मीच दाबायचं ठेवलं होतं, चूक ती झाली. टेम्पलटन ऑर्डर देऊन ठेवायचे, मी नुसतं लिहून ठेवलं. आता मी जीटीटी, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप लागणारी ऑर्डर, लावून ठेवतो, वर्षभर राहते, संपली की परत लावतो, आणि खात्यात तेवढे पैसे वेगळे काढून.

तुमचे अनुभव सांगा. विरोधी मतंही येऊ द्या.

---

हिशेबनीस

लेख आवडला आणि वहीचा प्रसंग मनापासून लिहिलाय. पण एक काळजी वाटते ती सांगतोच. मी ठाण्यात सब-ब्रोकर म्हणून २२ वर्षं काढली. ही १९३९ ची गोष्ट ऐकून लोक काय करतात ते माहितीये? एक रुपया दोन रुपयेवाले शेअर गोळा करतात. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक यायचे, फार सज्जन माणूस, त्यांनी ग्रॅच्युइटीतले साडेचार लाख अशा एका कंपनीत टाकले, भाव ३ रुपये ४० पैसे, कारण एकेकाळी ९० होता. भाव मुद्दाम चढवणारा ऑपरेटर बाहेर पडला आणि रोज सकाळी सव्वानऊला लोअर सर्किट, म्हणजे एका दिवसात भाव जास्तीत जास्त जेवढा पडू शकतो तेवढा पडलेला. रोज. विकायला लाखो शेअर रांगेत आणि घेणारा शून्य. ते रोज माझ्या काउंटरवर येऊन बसायचे, स्क्रीनकडे बघायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. सव्वा महिना. शेवटी एक्स्चेंजने ट्रेडिंगच बंद केलं. सगळे विकतायत म्हणून घेणं म्हणजे स्वतंत्र विचार नव्हे हो, कधीकधी सगळे विकतायत कारण सगळ्यांचं बरोबर असतं.

---

मुळामुठा

@हिशेबनीस, अगदी मान्य, आणि हे मूळ लेखातच यायला हवं होतं. म्हणूनच मला त्या १०४ चा आकडा महत्त्वाचा वाटतो. त्यांनी एक कंपनी निवडून त्यात दहा हजार घातले नाहीत. प्रत्येकी १०० डॉलर, कुठली वाचेल हे मला माहीत नाही असं धरूनच केलेली खरेदी आहे ती. शिवाय कारण कंपनीच्या बाहेरचं होतं, युद्ध, ते सगळ्यांना लागू. आणखी एक बारीक गोष्ट आहे जी बरेच जण सोडून देतात. युद्धकाळात अमेरिकेने जादा नफ्यावर जबर कर लावला, ज्या कंपन्या आधीपासून चांगल्या कमवत होत्या त्यांचा नफा त्यात गेला, आणि ज्यांच्या डोक्यावर मागचा तोटा होता त्या त्यातून बऱ्याच वाचल्या. म्हणजे लंगड्या घोड्यांवर पैसे लावायला त्या वेळी खास कारण होतं. ते कारण काढून टाकलं आणि नुसते लंगडे घोडे घेतले तर तुमच्या त्या गुरुजींसारखं होणार.

गुरुजींचं वाचून वाईट वाटलं. त्यांना कोणीतरी शेजारी बसून सांगायला हवं होतं.

---

हिशेबनीस

मी सांगितलं होतं. पण त्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ४० जण उलटं सांगत होते.

---

सातारी_कंदी

टेम्पलटन म्हणजे ते फ्रँकलिन टेम्पलटनच का? २०२० मध्ये त्यांच्या डेट (कर्जरोख्यांत पैसे घालणाऱ्या) योजना बंद झाल्या होत्या ना? मग यांच्याकडून काय शिकायचं?

---

हिशेबनीस

@सातारी_कंदी नाव तेच, माणूस नाही. त्यांनी आपला फंडांचा धंदा १९९२ मध्येच फ्रँकलिनला विकला, ९० कोटी डॉलरच्या वर किमतीला. फ्रँकलिन टेम्पलटन भारतात आलं त्यानंतर, १९९६ च्या सुमाराला. सहा डेट योजना गुंडाळायचा निर्णय झाला २३ एप्रिल २०२० ला, तेव्हा टेम्पलटनना जाऊन बारा वर्षं होत आली होती. आणि त्या योजनांतले पैसे नंतर एसबीआय म्युच्युअल फंडामार्फत हप्त्याहप्त्याने गुंतवणूकदारांना परत मिळाले, हेही सांगायला हवं, कारण बंद झाल्याची बातमी सगळ्यांना आठवते, परत मिळाल्याची कोणालाच नाही.

---

योकोहामा

मी २००६ पासून जपानात आहे आणि टेम्पलटन म्हटलं की मला जपानच आठवतो, म्हणून थोडं सविस्तर.

१९५०-६० च्या काळात जपान म्हणजे स्वस्तातली खेळणी बनवणारा हरलेला देश अशी अमेरिकेत समजूत होती. टेम्पलटननी तेव्हाच स्वतःचे पैसे इथे घालायला सुरुवात केली होती, पण फंडाचे घातले नाहीत, कारण त्या काळात परदेशी माणसाला पैसे परत बाहेर नेता येत नव्हते. लोकांचे पैसे अडकवायचे नाहीत, स्वतःचे चालतील, हा फरक त्यांनी पाळला ते मला फार आवडतं. १९६० च्या दशकात ते निर्बंध उठले आणि मग फंड घेऊन आले. जपानी कंपन्या तेव्हा कमाईच्या चारेक पटीला मिळायच्या, अमेरिकेत त्याच वेळी १९ च्या आसपास. एक वेळ अशी होती की फंडातले निम्म्याहून जास्त पैसे एकट्या जपानात होते. आणि मग जेव्हा अख्ख्या जगाला जपानचं वेड लागलं, टोकियोतल्या जमिनींच्या किमती ऐकून लोक डोळे फिरवायला लागले, तेव्हा हे आधीच बाहेर. निक्केईचा, म्हणजे इथल्या सेन्सेक्सचा, कळस २९ डिसेंबर १९८९, ३८,९१५. टेम्पलटन त्याच्या बरेच आधी निघाले होते, आणि मधली काही वर्षं लोकांनी त्यांना म्हातारा चळला म्हटलंच असणार.

पुढचं इथे राहून कळतं. मार्च २००९ ला निक्केई ७,०५४. त्या १९८९ च्या पातळीच्या वर बंद व्हायला २२ फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं. ३४ वर्षं. माझे घरमालक आजोबा ८१ वर्षांचे आहेत, ते १९८८ मध्ये सेक्शन चीफ होते, ऑफिसात सगळ्यांनी घेतले म्हणून त्यांनी बोनसचे सगळे पैसे शेअरमध्ये घातले. २०२४ ला त्या दिवशी संध्याकाळी मी भाडं द्यायला खाली गेलो तर टीव्हीवर तीच बातमी चालू होती, स्टुडिओत लोक टाळ्या वाजवत होते. आजोबांनी आवाज बंद केला, मला हिरवा चहा ओतला, आणि म्हणाले, माझ्या बायकोला बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. त्या गेल्या २०१५ ला. शेअर त्यांनी २००३ लाच विकले होते, मुलीच्या लग्नाला.

म्हणून "भारताची गोष्ट वेगळी आहे, इथे पडलं तरी वर येतंच" असं कोणी म्हणालं की मला तो आवाज बंद केलेला टीव्ही दिसतो. टेम्पलटनच म्हणायचे ना, की गुंतवणुकीतले सगळ्यात महागात पडणारे शब्द म्हणजे "या वेळची गोष्ट वेगळी आहे".

---

मुळामुठा

@योकोहामा, काय लिहिलंय. यावर लगेच काही लिहवत नाहीये.

---

वरोरा_रोड

शेअरमधलं मला काही कळत नाही, पण टेम्पलटन हे नाव आमच्याकडे वेगळ्याच कारणाने माहीत आहे, बाबा आमटे. १९९० चा टेम्पलटन पुरस्कार बाबांना मिळाला होता, ऑस्ट्रेलियाचे चार्ल्स बर्च यांच्याबरोबर विभागून. आणि १९९७ मध्ये पांडुरंगशास्त्री आठवल्यांना. माझी आजी स्वाध्यायात जायची, तिला दादांना एवढा मोठा पुरस्कार मिळाला याचा इतका आनंद झाला की तिने गल्लीत साखर वाटली. ज्या माणसाने शेअर बाजारात पैसे कमावून हा पुरस्कार सुरू केला तो हाच, हे आज कळलं.

१९७३ मध्ये पहिला मदर टेरेसांना दिला होता, नोबेल नंतर मिळालं त्यांना, १९७९ ला. म्हणजे माणसांच्या बाबतीतही हा गृहस्थ गर्दीच्या आधीच पोचला म्हणायचा.

---

मुळामुठा

@वरोरा_रोड हा दुवा मी लिहायला हवा होता, राहूनच गेला. पुरस्काराची रक्कम नोबेलपेक्षा जास्त राहील असं त्यांनी मुद्दाम ठरवून ठेवलं होतं, कारण अध्यात्मातलं काम हे विज्ञानाच्या किंवा साहित्याच्या खालचं नाही हे जगाला पैशाच्या भाषेत कळलं पाहिजे असं त्यांना वाटायचं. यशस्वी माणूस कोणाला म्हणायचं याचं त्यांचं उत्तर मला यात दिसतं. स्वतः साधे राहिले, आणि पैसा ज्यांच्याकडे गेला त्यांनी कुष्ठरोग्यांसाठी माळरान फुलवलं.

---

स्पष्टच

थोडं दुसऱ्या बाजूने. अध्यात्म, पुरस्कार सगळं ठीक, पण या गृहस्थांनी १९६० च्या दशकात अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं आणि बहामात गेले जिथे आयकर नाही. १९९२ ला धंदा विकला तेव्हा त्यामुळे कोट्यवधी डॉलरचा कर वाचला. ज्या देशाने शिकवलं, ज्या देशाच्या बाजारात कमावलं, त्याला कर द्यायची वेळ आली तेव्हा बेटावर. आणि आपण म्हणतोय लांब जाऊन शांत विचार करायचे. मला हे पचत नाही. माझे वडील गिरणीत होते, आयुष्यभर पगारातून कापला गेलेला कर भरला, त्यांना कुठल्या बेटावर जायची सोय नव्हती.

---

मुळामुठा

@स्पष्टच, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. मलाही तो भाग आवडत नाही. पैसा दान केला म्हणून कर वाचवल्याचं समर्थन होतं असं मला वाटत नाही, दान कोणाला द्यायचं ते तुम्ही ठरवता, कर कुठे जायचा ते सगळे मिळून ठरवतात. माणसाकडून काय घ्यायचं आणि काय सोडायचं एवढं आपल्या हातात आहे. नासाऊतून मी घेतो ते फक्त पेपर उशिरा येण्यापुरतं, आणि त्यासाठी नासाऊला जावं लागत नाही, फोनवरची बाजारभावाची नोटिफिकेशन्स बंद केली की कोथरूडमध्येही तेच होतं.

तुमच्या वडिलांना नमस्कार.

---

धनुकली

मी पहिल्यांदाच लिहितेय इथे, चुकलं तर सांभाळून घ्या. तुम्ही सगळे बाजारातल्या गर्दीबद्दल बोलताय, माझ्याकडे गर्दी घरातच आहे. नवरा, दीर, नणंदेचे मिस्टर, तिघं ऑप्शन करतात, म्हणजे बाजार वर जाणार की खाली यावर ठरावीक मुदतीचे सौदे. गुरुवारी एक्सपायरी (त्या सौद्यांची मुदत संपायचा दिवस) असायची तेव्हा जेवणाच्या टेबलावर तेच, आता मंगळवारी तेच. टेलिग्रामचा एक ग्रुप आहे, महिन्याची फी देऊन. मी बँकेत क्लार्क आहे, मला आकडे कळतात. सेबीचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल मी स्वतः वाचला, तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या साध्या लोकांतले ९३ टक्के तोट्यात, माणशी सरासरी दोन लाख, सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. मी प्रिंट काढून फ्रिजवर लावली. दिराने हसून सांगितलं, वहिनी, आम्ही उरलेल्या ७ टक्क्यांतले.

मी गेल्या वर्षी एवढंच केलं की माझा पगार ज्या खात्यात येतो त्याचं कार्ड आणि पासवर्ड माझ्याकडे घेतला, आणि दर महिन्याला १२,००० इंडेक्स फंडात जातील अशी एसआयपी लावली. त्यावरून दोन महिने घरात धड बोलणं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, तुझा नवऱ्यावर विश्वास नाही का. विश्वास आहे हो, पण पोरीची फी जूनमध्ये भरायची असते, तिला तर काही माहीत नाही यातलं. टेम्पलटन बेटावर गेले, मला स्वयंपाकघरातच उभं राहून वेगळा विचार करायचाय. कसा करतात?

---

हिशेबनीस

@धनुकली ताई, तुम्ही केलंयच की. १०४ कंपन्यांची ऑर्डर देण्यापेक्षा हे कठीण आहे, तिथे फोनवर पलीकडे साहेब होता, इथे समोर घरचे आहेत. एकच व्यवहाराचं सांगतो, वाद टक्केवारीवर घालू नका, उपयोग होत नाही, प्रत्येकाला आपण ७ टक्क्यांतलेच वाटतो. मिस्टरांना एवढंच म्हणा की ब्रोकरच्या अॅपमधून गेल्या आर्थिक वर्षाचा पी अँड एल, म्हणजे नफा-तोट्याचा हिशेब, काढून द्या, आयकराला लागतोच. शेवटच्या ओळीतला आकडा दोघांनी मिळून बघा, ब्रोकरेज आणि एसटीटी (सौद्यांवरचा कर) धरून. माझ्याकडे कित्येक जण आले ज्यांना आपण फायद्यात आहोत असं मनापासून वाटायचं, कारण जिंकलेले दिवस लक्षात राहतात. तो कागद बघून मी मोठ्या माणसांना गप्प झालेलं बघितलंय. त्या वेळी त्यांना बोलू नका. चहा करा.

---

योकोहामा

@धनुकली, एसआयपी थांबवू नका. बाजार पडला तर त्या महिन्यात तर मुळीच नाही.

---

सातारी_कंदी

आधी उगाच तिरकं विचारलं त्याबद्दल माफी, धागा फार चांगला झालाय, सगळा दोनदा वाचला. एक प्रश्न उरला. घ्यायचं कधी ते सगळे सांगतात, विकायचं कधी? माझ्याकडे २०२० मधले तीन शेअर आहेत, चांगले वर आहेत, आणि मला रोज वाटतं आज विकू का उद्या.

---

मुळामुठा

@सातारी_कंदी माफी कसली, तुमच्यामुळे ती माहिती तरी आली.

तुमचा प्रश्न टेम्पलटननाही छळला. त्या १०४ मध्ये मिसुरी पॅसिफिक म्हणून एका दिवाळखोर रेल्वेचे प्रेफरन्स शेअर होते, साडेबारा सेंटला घेतलेले. पाच डॉलरला विकले, ४० पट. आणि पुढे तो १०५ डॉलरपर्यंत गेला. म्हणजे आयुष्यातली सगळ्यात गाजलेली खरेदी आणि त्यातलीच ही विक्री, फार लवकर केलेली. ते नंतर बरीच वर्षं यावर विचार करत होते आणि शेवटी एका नियमावर आले, की हातातला शेअर किती वर गेलाय हे बघून विकायचं नाही, त्याच्यापेक्षा निदान ५० टक्के जास्त स्वस्त असं दुसरं काही सापडलं तरच विकायचं. म्हणजे विकायचा प्रश्न हा परत शोधायचाच प्रश्न होतो. घरी बसून आज का उद्या करण्यापेक्षा दुसरी चांगली वस्तू शोधायला लागा, नाही सापडली तर आहे ते बरं आहे.

उन्मादातही ते नियमानेच वागले. २००० मध्ये, वय ८७, डॉटकॉमच्या ८४ कंपन्या त्यांनी शॉर्ट केल्या, म्हणजे उसने घेतलेले शेअर आधी विकले, भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करायचे म्हणून, प्रत्येकी २२ लाख डॉलर. नुसतं महाग आहे म्हणून नव्हे, महाग तर वर्षभर होत्या आणि त्या वर्षात शॉर्ट करणारे पुष्कळ मेले. त्यांनी बघितलं की आयपीओनंतर प्रवर्तकांना ठरावीक काळ, बहुतेकदा सहा महिने, शेअर विकायला बंदी असते आणि ती उठली की हे लोक विकणारच, म्हणून बंदी उठायच्या अकरा दिवस आधी शॉर्ट. आपल्याकडेही लॉक-इन संपायच्या तारखा असतात, अँकरवाल्यांच्या (आयपीओ उघडायच्या आधी शेअर घेणाऱ्या मोठ्या संस्थांच्या) ३० आणि ९० दिवसांच्या, त्या बघून ठेवाव्यात एवढंच, शॉर्ट करा असं मी कोणालाही सांगणार नाही, ते आपल्यासारख्यांचं काम नाही.

वहीचं पान कसं असतं असं एकाने निरोपात विचारलंय म्हणून लिहितो. वर कंपनीचं नाव आणि तारीख. मग आजचा भाव, मी कितीला घेईन तो भाव, आणि त्याच्या खाली का घेईन ते चार-पाच ओळीत, मराठीत, स्वतःच्या अक्षरात, कारण टाइप केलं की मी दुसऱ्याचं वाचलेलंच उतरवतो असं माझ्या लक्षात आलंय. आणि सगळ्यात खाली, काय झालं तर हे पान फाडीन. ही शेवटची ओळ हिशेबनीसांच्या गुरुजींसाठी आहे, आजपासून ती मोठ्या अक्षरात लिहिणार.

---

धनुकली

@हिशेबनीस काका, पी अँड एल काढला. म्हणजे त्यांनीच काढला, मी फक्त म्हटलं की रिटर्न भरायला लागेल. आकडा इथे लिहीत नाही. बराच वेळ ते गॅलरीत उभे होते, मी चहा नेऊन ठेवला आणि आत आले. रात्री त्यांनी स्वतःहून टेलिग्रामची फी या महिन्यापासून भरणार नाही म्हणून सांगितलं. दीर अजून करतोच आहे.

स्टेशनरीवाल्याकडे लांबडी वही मिळाली, निळी. लाल संपल्या होत्या.